२५८ खुणा आणि एक कॅमेरा

१० ऑक्टोबर १८४९ रोजी सान दिएगो बंदराच्या दक्षिणेला, पॅसिफिकच्या काठावरच्या एका उघड्या माळावर दोन देशांच्या सीमा आयोगांची माणसे जमली. एक निवेदन इंग्रजीत लिहिले होते, तेच स्पॅनिशमध्ये. दोन्ही कागद बाटलीत घातले, बाटली जमिनीत पुरली आणि वर तात्पुरती खूण केली. अमेरिका आणि मेक्सिको यांची सरहद्द इथून सुरू होते, एवढेच त्या कागदांना सांगायचे होते. दोन वर्षांनी तिथे संगमरवरी स्तंभ उभा राहिला. मग सहलीला येणारे लोक आठवण म्हणून त्याचे टवके काढून नेऊ लागले. कोपरे गेले, अक्षरे तुटली, स्तंभाची पार रया गेली. दोन राष्ट्रांनी मिळून उभारलेली ही पहिली खूण लोकांनी खिशातून थोडी थोडी घरी नेली म्हणा ना! पण ती हरवली तरी नाही. तिच्या पूर्वेला वाळवंटात उभ्या केलेल्या पुष्कळ खुणांच्या नशिबी तेवढेही नव्हते.

या सरहद्दीचा जन्मच मुळी घोळातून झाला. १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोने, टेक्सस धरून, आपला जवळजवळ निम्मा मुलुख गमावला. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने नवी सीमा ठरवली आणि तहाला जोडायला म्हणून न्यूयॉर्कच्या डिस्टर्नेल नावाच्या प्रकाशकाचा बाजारी नकाशा घेतला. त्या नकाशात एल पासो हे गाव खऱ्या जागेपेक्षा सुमारे ३४ मैल उत्तरेला आणि शंभराहून अधिक मैल पूर्वेला छापले होते. सीमा त्या गावाच्या हिशेबाने आखायची होती. मग गाव धरायचे की नकाशा? अमेरिकेचे आयुक्त जॉन बार्टलेट हे मूळचे पुस्तकविक्रेते. त्यांनी मेक्सिकोच्या पेद्रो गार्सिया कोंदे यांच्याशी तडजोड केली, ती त्यांच्याच सर्वेक्षकांनी मानली नाही. वाद इतका पेटला की शेवटी १८५३ मध्ये अमेरिकेने एक कोटी डॉलर मोजून वादग्रस्त पट्टा आणि त्याखालचा मोठा भूभाग, मिळून सुमारे ३० हजार चौरस मैल, विकतच घेतला. छापखान्यातली चूक इतक्या महागात पडल्याची उदाहरणे इतिहासात फार नसतील.

या खरेदीच्या तहाप्रमाणे रेघ नव्याने आखायची होती. रिओ ग्रांदे नदीपासून ३१ अंश ४७ मिनिटांच्या अक्षांशावरून शंभर मैल पश्चिमेला, मग खाली ३१ अंश २० मिनिटांपर्यंत, तिथून पुन्हा पश्चिमेला १११ व्या रेखांशापर्यंत, आणि पुढे तिरकी कोलोरॅडो नदीपर्यंत. कॅलिफोर्नियाच्या बाजूची रेघ आधीच आखून झाली होती. कागदावर हे सारे पट्टीने ओढल्यासारखे दिसते. जमिनीवर मात्र तिथे खारट सरोवरांचे तळ, काटेरी झुडपे, लाव्हाचे काळे पठार आणि दिवसचे दिवस पाण्याचा थेंब नसलेला मुलुख होता. या रेघेने मूळ रहिवासी अपाचींचे डोंगर दुभागले, तोहोनो ओओधाम लोकांची गावे आणि पाणवठे दोन देशांत वाटले गेले. त्यांना कोणी विचारले नाही. खरेदीखतावर त्यांच्या सह्या नव्हत्या.

अमेरिकेच्या बाजूने हे काम आले मेजर विल्यम एमरी यांच्याकडे. लष्करी अभियंता, काटेकोर, थोडे तापट. मेक्सिकोच्या बाजूने होते होसे सालाझार इलारेगी, स्वतः भूमापक आणि आपल्या सरकारकडून पैसे वेळेवर न मिळण्याची सवय झालेले. १८५५ च्या जानेवारीअखेर नदीकाठी पहिल्या स्तंभाचा पाया घातला गेला आणि मंडळी पश्चिमेला निघाली. कोलोरॅडोच्या बाजूने लेफ्टनंट मिकलर यांची तुकडी समोरून यायची होती. पाण्यावाचून तिला वाळवंटातून माघारी फिरावे लागले. तरीही वर्ष संपायच्या आत जागेवरचे काम आटोपले. पॅसिफिकपासून रिओ ग्रांदेपर्यंत सुमारे ७०० मैलांच्या जमिनीवरच्या सीमेवर उभ्या राहिल्या फक्त ५२ खुणा. काही घडीव दगडांच्या, बऱ्याचशा नुसत्या रचलेल्या धोंड्यांच्या राशी, चुना-गाऱ्याशिवाय. काही ठिकाणी दोन खुणांमधले अंतर शंभर मैलांच्या घरात.

एमरींना यातला धोका दिसत होता. या राशींची राखण कोण करणार? वस्ती नाही, चौकी नाही. त्याच काळात हिंदुस्थानात त्रिकोणमितीय सर्वेक्षण चालू होते. तिथे दगडावर वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरून तो दगड चौथऱ्यात बसवत, बरोबर त्याच्या खाली दुसरा तसाच दगड पुरत आणि जागा गावच्या मुखियाच्या, आपल्याकडे पाटलाच्या, स्वाधीन करत. वरचा दगड कोणी उचकटला तरी खालचा साक्षीला राही. एमरींकडे ना पाटील होता ना गाव. म्हणून त्यांनी साक्षीदार म्हणून डोंगर उभे केले.

त्यांच्या तुकडीत दोन चित्रकार होते. आर्थर शॉट हे जर्मन, वनस्पती आणि जीवाश्म गोळा करण्याचा नाद असलेले. आणि व्हिएन्नाचे जॉन वाइस. एमरींनी त्यांना खुणांच्या जागेवर बसवून भोवतालच्या क्षितिजाची रेखाचित्रे काढायला लावली. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासारखी नाहीत. त्यांत ढग नाहीत, सूर्यास्त नाही, छाया जवळजवळ नाहीत. आहेत त्या फक्त कडा: जवळची टेकडी, तिच्या खांद्यावरून डोकावणारे मागचे शिखर, त्यामागे फिकट रेषेत तिसरी रांग. १८५७ च्या अहवालात अशी ३२ चित्रे कोरून छापली गेली. एमरींचा युक्तिवाद साधा होता. दगड कोणी हलवू शकेल, डोंगर हलवू शकणार नाही. खूण नाहीशी झाली तर चित्र हातात घ्यावे आणि ज्या जागेवरून क्षितिज हुबेहूब तसे दिसेल तिथे उभे राहावे; तीच जागा.

हे ऐकायला भाबडे वाटते, पण त्यामागे पक्के गणित आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर अशी जागा शोधा की जिथून देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खिंडीत बरोबर बसतो. डावीकडे दहा पावले सरका, कळस खिंडीतून बाहेर पडतो. म्हणजे कळस आणि खिंड यांनी मिळून तुम्हाला एका रेघेवर बांधून ठेवले आहे; त्या रेघेवरून पुढे-मागे जाता येईल, बाजूला नाही. आता दुसऱ्या दिशेला अशीच आणखी एक जोडी घ्या, समजा जवळचे झाड आणि लांबचे शिखर. तिचीही एक रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच तुम्ही आहात. जवळची वस्तू जितकी जवळ आणि मागची जितकी लांब, तितकी जागा नेमकी ठरते. एमरींच्या चित्रांत उणीव होती ती इथेच. लांबचे डोंगर भरपूर, जवळचे खडक कमी. चित्रकाराचा हात कितीही स्थिर असला तरी शिखर थोडे टोकदार होतेच. त्यामुळे चित्र तुम्हाला योग्य माळावर आणून सोडी. त्या माळावर नेमके कुठे फावडे मारायचे हे मात्र सांगू शकत नसे.

पुढची पंचवीस-तीस वर्षे कोणाला ते सांगण्याची गरज पडली नाही. आधी अमेरिकेतले यादवी युद्ध, मेक्सिकोतली फ्रेंच स्वारी, मग अपाचींशी चाललेल्या लढाया. त्यांचा म्होरक्या जेरोनिमो याने शरणागती पत्करली ती १८८६ मध्ये, सीमेजवळच्याच एका दरीत. पण त्याआधीच रूपे, तांबे आणि गुरे यांच्या मागे माणसे येऊ लागली होती. १८८२ मध्ये नोगालेसला दोन्ही देशांचे लोहमार्ग एकमेकांना जोडले गेले आणि रुळांच्या दोन्ही बाजूंनी एकच गाव दोन देशांत वाढू लागले. आता प्रश्न उठले. ही खाण कोणाची? या कुरणाचा कर कोणाला? हा चोर कोणत्या तुरुंगात? उत्तर एखाद्या धोंड्यांच्या राशीवर अवलंबून आणि ती रास जागेवर नाही, किंवा आहे पण ती मूळचीच की कोणी हवी तिथे रचलेली हे कळायला मार्ग नाही. खाणवाल्यांनी आणि गुरेवाल्यांनी खुणा सरकवल्याच्या तक्रारी दोन्ही राजधान्यांपर्यंत गेल्या. बांध कोरणारा शेजारी ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की इथे बांधाच्या दोन बाजूंना दोन राष्ट्रपती होते.

२९ जुलै १८८२ रोजी दोन्ही देशांनी करार केला: जुन्या खुणा शोधायच्या, पडलेल्या उभ्या करायच्या, हरवलेल्यांची जागा पुन्हा ठरवायची आणि मध्ये नव्या घालायच्या, अशा की कोणत्याही दोन खुणांत ८,००० मीटरांपेक्षा जास्त अंतर राहू नये. करार झाला खरा, पण मुदती वाढवता वाढवता प्रत्यक्ष आयोग नेमायला १८९१ उजाडले.

इथे या कथेतली मला सगळ्यात रंजक वाटणारी अडचण येते. १८९२ चे सर्वेक्षक १८५५ च्या लोकांपेक्षा कितीतरी चांगली हत्यारे घेऊन आले होते. तारायंत्रामुळे रेखांश काढणे सोपे झाले होते, अक्षांशासाठी अचूक दुर्बिणी होत्या. त्यांनी मोजले तेव्हा उघड झाले की एमरी-सालाझारांच्या खुणा तहातल्या अंश-मिनिटांवर नेमक्या बसत नाहीत. कुठे रेघ उत्तरेला चढली आहे, कुठे दक्षिणेला उतरली आहे. तहाचा आकडा एक सांगतो, दगड दुसरे. मग सीमा कुठली? निर्णय दगडाच्या बाजूने लागला. १८५३ च्या तहातच म्हटले होते की दोन्ही आयुक्तांनी मिळून जमिनीवर जी रेघ निश्चित केली तीच बंधनकारक. त्यामुळे चुकीच्या जागी असलेला पण मूळचा दगड हा बरोबर आकड्यापेक्षा मोठा ठरला.

आपल्याकडे ‘हद्द कायम’ची मोजणी पाहिलेल्याला हा न्याय ओळखीचा वाटेल. मोजणीदार जुने टिपण काढतो, आणि मोजण्याआधी मूळचा दगड कुठे सापडतो का ते पाहतो. सापडला तर भांडण निम्मे मिटते. सरहद्दीवरही तेच झाले. जिथे जुनी खूण सापडली तिथे ती, चुकीसकट, मान्य. जिथे सापडली नाही तिथेच गणिताला बोलावायचे. म्हणून शोध महत्त्वाचा होता. खूण सापडणे आणि न सापडणे यांत एखाद्या कुरणाचा देश बदलू शकत होता.

अमेरिकन बाजूचे नेतृत्व कर्नल जॉन बार्लो यांच्याकडे होते, मेक्सिकन बाजूचे हाकोबो ब्लांको या अभियंत्याकडे. १८९२ च्या फेब्रुवारीत एल पासोहून काम सुरू झाले. घोडदळ, खेचरे, पाण्याची पिंपे ओढणाऱ्या गाड्या, स्वयंपाकी, खगोलवेत्ते, शिवाय एडगर मर्न्स नावाचे लष्करी डॉक्टर, जे वाटेतल्या पक्ष्याप्राण्यांचे हजारो नमुने जमा करत चालले होते. एमरींचा अहवाल आणि त्यातली चित्रे बरोबर होतीच. पश्चिमेला अॅरिझोनाच्या कोपऱ्यात ‘कामिनो देल दियाब्लो’, सैतानाची वाट, लागली. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर सोनोरातले लोक या वाटेने धावले होते आणि पाण्यावाचून वाटेतच पडले होते. आयोगाचे सदस्य लेफ्टनंट डेव्हिड गेलार्ड यांनी, ज्यांचे नाव पुढे पनामा कालव्यातल्या मोठ्या खोदाईला दिले गेले, एका दिवसाच्या, जेमतेम तीस मैलांच्या रपेटीत ६५ कबरी मोजल्या. त्या प्रदेशात माणसाने मागे ठेवलेल्या खुणा म्हणजे बहुतेक त्याच. दगडांच्या लहान राशी, सीमेच्या राशींसारख्याच.

आयोगाने जुन्या खुणा दुरुस्त केल्या, नव्या घातल्या आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे सगळ्यांना नवे क्रमांक दिले: रिओ ग्रांदेच्या काठावर १, पॅसिफिकच्या काठावर २५८. बहुतेक नवे स्तंभ ओतीव लोखंडाचे, आतून पोकळ, निमुळते. अवघड चढणींसाठी सुटे भाग करून खेचरांवर लादता येतील असे. उत्तरेच्या अंगाला इंग्रजीत आणि दक्षिणेच्या अंगाला स्पॅनिशमध्ये ताकीद: ही खूण मोडणे किंवा हलवणे हा गुन्हा आहे, शिक्षा होईल. टवके काढणाऱ्यांचा अनुभव गाठीशी होताच. त्या पहिल्या संगमरवरी स्तंभालाही नव्याने तासून, घासून, भोवती लोखंडी कुंपण घालून २५८ वा क्रमांक दिला गेला.

आणि आयोगाने प्रत्येक खुणेचा फोटो काढला.

हे काम डी. आर. पेन या छायाचित्रकाराचे. एमरींनी जे पेन्सिलीने करायचा प्रयत्न केला ते आता कॅमेरा करणार होता. पेनचे फोटो एका ठशाचे आहेत: मध्ये स्तंभ, त्याच्या बाजूला बहुधा एक-दोन माणसे, उंचीचा अंदाज यावा म्हणून उभी केलेली, आणि मागे क्षितिज. माणसे कंटाळलेली दिसतात. टोप्या, मिशा, धुळीचे बूट. पण नजर माणसांवरून काढून स्तंभाच्या पायाशी नेली की कळते, शॉट आणि वाइस यांच्या चित्रांत जे नव्हते ते इथे आहे. अमुक आकाराचा खडक, त्याची चीर, त्यामागे वाकलेले झुडूप, उताराचा कल. कॅमेऱ्याला महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यात भेद करता येत नाही. चित्रकार ज्या बारक्या दगडाला वगळतो तो फोटोत आपोआप येतो, आणि शंभर वर्षांनी नेमका तोच दगड कामाला येतो.

या मालिकेत नोगालेसचा फोटो फार प्रसिद्ध आहे. इथे स्तंभ वाळवंटात नाही, जॉन ब्रिकवुड यांच्या दारूच्या गुत्त्याला खेटून उभा आहे. सीमा जवळजवळ गुत्त्याच्या भिंतीवरून जात होती. गिऱ्हाइकाने पेला अमेरिकेत घ्यावा आणि एक पाऊल बाहेर टाकून मेक्सिकोत, जकात न भरता, चिरूट विकत घ्यावा अशी सोय होती असे गावात सांगत. जकात अधिकाऱ्यांना यात गंमत वाटली नाही. १८९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी नोगालेसमध्ये सीमेलगतचा ६० फुटांचा पट्टा मोकळा ठेवण्याचा हुकूम काढला आणि गुत्ता गेला. दहा वर्षांनी थिओडोर रूझवेल्ट यांनी कॅलिफोर्निया, अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोतल्या सरकारी जमिनींना तोच ६० फुटांचा नियम लावला. आज या राज्यांत जिथे भिंत उभी आहे, तिथली बरीच जमीन सरकारच्या हातात आयती होती ती या हुकुमामुळे. गुत्त्यातल्या चिरुटाचा एवढा लांबचा परिणाम ब्रिकवुडच्या गिऱ्हाइकांच्या ध्यानीमनीही नसेल.

खुणांच्या फोटोंचा संग्रह १८९९ च्या सुमारास छापून आला आणि सरकारी कपाटांत गेला. तो ज्या कामासाठी काढला होता, म्हणजे हरवलेला स्तंभ शोधण्यासाठी, त्या कामाला तो क्वचितच लागला. लोखंड टिकाऊ निघाले. पण कपाटातून तो बाहेर काढला तो दुसऱ्याच मंडळींनी.

१९८० च्या दशकात रॉबर्ट हम्फ्री हे अॅरिझोना विद्यापीठातले निवृत्त कुरणतज्ज्ञ पेनचे फोटो घेऊन निघाले. त्यांना सीमेत रस नव्हता, गवतात होता. फोटोतल्या स्तंभाच्या पायाशी दिसणारे गवत आज आहे का? स्तंभ जागेवर असल्यामुळे त्यांचे अर्धे काम आधीच झालेले होते. नव्वद वर्षांपूर्वी कॅमेऱ्याची तिपाई कुठे होती, एवढे शोधायचे होते. म्हणजे खूण सापडलेली आणि ती पाहणारा डोळा हरवलेला. रिओ ग्रांदेपासून कोलोरॅडोजवळच्या २०५ क्रमांकाच्या खुणेपर्यंत ते गेले. १९८७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच हिशेब आहे: नव्वद वर्षे आणि ५३५ मैल. पूर्वेकडच्या पट्ट्यात जिथे पेनच्या फोटोत मोकळे गवताळ माळ दिसतात तिथे मेस्किटसारखी काटेरी झुडपे आणि ज्युनिपर दाटले होते. गुरांनी गवत खाल्ले, आणि गवतच नाही म्हणून वणवे थांबले. वणवे नाहीत म्हणून झुडपांना मोकळे रान मिळाले, असे हम्फ्रींचे म्हणणे. त्याआधी, १९६५ मध्ये, हेस्टिंग्ज आणि टर्नर या संशोधकांनी याच भागातले जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बदलत्या हवामानाकडे बोट दाखवले होते. वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण दोन्ही बाजूंचा पुरावा एकच: तिपाई नेमकी जुन्या जागी ठेवून काढलेला फोटो.

ही तिपाईची जागा कशी सापडते? १९७७ मध्ये छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सोबत्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी सर्वेक्षणांचे फोटो त्याच जागांवरून पुन्हा काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी ही रीत पक्की बसवली. आधी लांबच्या रांगांवरून परिसर गाठायचा. मग जवळचा खडक आणि मागचे शिखर जुळेपर्यंत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकायचे. जागेवरच पोलरॉइड काढायचा, जुन्या प्रतीशेजारी धरायचा आणि पट्टीने मोजायचे: या खडकाच्या टोकापासून त्या सुळक्यापर्यंतचे अंतर, आडवे आणि उभे. प्रमाण जुळले नाही तर तिपाई हलवायची. त्यांच्यात एक गणिताचे शिक्षक होते, ते किती आणि कुठे हलवायची ते हिशेब करून सांगत. सावल्यांवरून वेळ कळते, सावल्यांच्या लांबीवरून ऋतू. कधी कधी एक फूट इकडे-तिकडे झाल्यास कडेचे झुडूप चुकीच्या जागी जाते.

या कामात फोटोग्राफरांची चलाखीही उघडी पडली. टिमथी ओसलिव्हन यांनी १८६९ मध्ये यूटातल्या वेबर खोऱ्यात काढलेल्या एका फोटोत सुळके मोठ्या नाट्यमय रीतीने कललेले दिसतात. तिथे जाऊन पाहिले तर सुळके साधारण सरळ. ओसलिव्हन यांनी कॅमेराच तिरका धरला होता. म्हणजे फोटोवर विसंबून खूण शोधणाऱ्याला फोटोकडेही मोजणीदाराच्या संशयी नजरेने पाहावे लागते. पेनबद्दल मात्र अशी तक्रार करायला जागा दिसत नाही. त्याला नाट्य नको होते. त्याला पुढच्या खुणेकडे निघायचे होते.

१८९४ नंतर अधूनमधून आणखी खुणा घातल्या गेल्या आणि एकूण संख्या २७६ झाली. २००७ मध्ये न्यू मेक्सिकोतले छायाचित्रकार डेव्हिड टेलर यांनी पेनच्या मागावरून या सगळ्यांचे फोटो काढायचे ठरवले. मुहूर्त असा की त्याच सुमारास, २००६ च्या कायद्यानुसार, शेकडो मैलांचे कुंपण उभे राहत होते. त्यांना स्तंभांपाशी सीमा रक्षक भेटले, तस्कर भेटले, उत्तरेकडे निघालेली तहानलेली माणसे भेटली. त्यांचे २७६ दृश्यांचे पुस्तक २०१५ मध्ये निघाले. त्यातले काही फोटो पेनच्या फोटोंशेजारी ठेवले तर डोंगर जागच्या जागी आहेत, स्तंभही. पण मधे पोलादी पट्ट्यांची रांग आली आहे आणि क्षितिज तिच्या फटींतून पाहावे लागते. कुंपण बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या हद्दीत काही फूट आत घातलेले असल्यामुळे कितीतरी स्तंभ आता त्याच्या दक्षिणेला पडले आहेत. अमेरिकेच्या नावाची बाजू उत्तरेला तोंड करून उभी आहे आणि ती वाचायची तर मेक्सिकोतून वळसा घालून यावे लागते.

टेलर यांनीच पुढे तिहुआनाचे कलाकार मार्कोस रामिरेस, टोपणनाव ‘एर्रे’, यांच्याबरोबर आणखी एक उद्योग केला. १८४८ च्या आधीची, १८१९ च्या तहात ठरलेली सीमा ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जात होती. ती बहुतेक कागदावरच राहिली, जमिनीवर कोणी कधी सलग आखली नाही. या दोघांनी २०१४ मध्ये गाडी काढली आणि त्या रेघेवर पत्र्याचे ४७ स्तंभ उभे करत गेले, घडण साधारण १८९० च्या दशकातल्या स्तंभांसारखी. कधी अस्तित्वात नसलेल्या खुणा शोधायच्या तर आधी त्या घालाव्या लागतात, हा त्यातला विनोद.

खऱ्या सीमेवरचा विनोद मात्र सरकारी खर्चाने झाला. न्यू मेक्सिकोतल्या कोलंबस गावाजवळ २००० साली वाहने अडवण्यासाठी दीड मैल लांबीचा अडथळा बांधला गेला, काँक्रीट भरलेल्या पोलादी खांबांचा. २००७ च्या मार्चमध्ये ध्यानात आले की तो सीमेवर नाही, सीमेच्या पलीकडे आहे. कुठे एक फूट, कुठे सहा फूट मेक्सिकोच्या आत. दगड त्या भागात होते. एमरींच्या ५२ ऐवजी आता आठ किलोमीटरांच्या आत एक या हिशेबाने होते. पण दोन दगडांच्या मधल्या रेघेवर खांब रोवताना कोणाची तरी नजर चुकली होती. मेक्सिकोने रीतसर पत्र पाठवून तो हलवायला सांगितले आणि अमेरिकेने मान्य केले. बांधताना मैलाला सुमारे पाच लाख डॉलर लागले होते. हलवायला तीस लाखांहून अधिक लागू शकतील असा त्या वेळी अंदाज होता.